थोडक्यात हरायचं

“तुझ्या आबांना सांग, उद्यापासून इकडे यायचं नाही. आणि हे मला परत बोलायला लावू नकोस, वेद. मी आधीच दमलोय.”

दुकान चालवणारा कुगनअण्णा हे इंग्लिशमध्ये म्हणाला, तेही वेदकडे न बघता, मटण रोलच्या ट्रेवरचं प्लास्टिक सोलता सोलता. त्याने वेदचं टाळकं आणखीच सटकलं. तोंडाकडे बघून तरी बोल ना. वेदच्या दोन्ही हातांत कोत्तूसाठी रोटीचे तुकडे करायची पाती होती, ती त्याने गरम तव्यावर अशी आपटली की काउंटरपाशी उभ्या बाईने फोनमधून मान वर केली. एवढं काय केलं त्यांनी, तो म्हणाला. म्हातारा माणूस आहे, एक जोक केला. सगळे हसले. तूपण हसलास.

“हो, मीपण हसलो,” कुगन म्हणाला. “त्याचाच त्रास होतोय.”

जोक झाला होता रविवारी. पेंडल हिल स्टेशनजवळचं हे दुकान म्हणजे पुढे किराणा आणि मागे टेकअवे, आणि रविवारी दुपारी आसपासची सगळी जाफन्याची तमिळ मंडळी इथेच. आबा नेहमीसारखे दाराजवळ, दुधाचा क्रेट उलटा घालून त्यावर बसलेले. राजरत्नम अंकल इडियप्पमची, तांदळाच्या शेवयांची पिशवी घेऊन बाहेर पडत होते आणि आबांना लहर आली. छाती काढून, परेडवरचा आवाज लावून ते म्हणाले, “निल्लु! एंग पोरे?” थांब, कुठे चाललास. आबांना तमिळ येतं ते एवढंच आणि असलंच. थांब, हात वर, कार्ड दाखव, पाणी दे, ये, बस, चल नीघ.

अंकल थांबले. पिशवी खाली ठेवली, ताठ उभे राहिले, शर्टाच्या खिशात हात घातला आणि ट्रेनचं ओपल कार्ड काढून आबांच्या समोर धरलं.

मग दुकानात जो हशा पिकला, विचारू नका. अंकलसुद्धा हसले. पण ते सगळ्यांत शेवटी हसले, आणि कार्ड परत ठेवताना त्यांना खिसा सापडेना, हे वेदने बघितलं होतं. बघितलं आणि सोडून दिलं. उलट घरी जाऊन आईबाबांना त्याने हा किस्सा ॲक्टिंगसकट करून दाखवला होता.

आता अंकलच्या मुलीचा फोन आला होता. बाबा देवळात जायला तयार नाहीत, दुकानात जायला तयार नाहीत, विचारलं तर म्हणतात चौकी बसलीये. ती काही भांडली नव्हती म्हणे, नुसती रडली होती. भांडली असती तर कुगनला बरं पडलं असतं.

मग तूच सांग त्यांना, वेद म्हणाला. कुगन म्हणाला, मी नाही सांगू शकत, माझ्या बापाच्या वयाचे आहेत ते. आणि माझे तर आजोबाच आहेत, मी कसं सांगू? वेदने ॲप्रनची गाठ सोडायला घेतली. आधीची दोन कामं त्याने अशीच सोडली होती, शाळाही तशीच, वर्गाच्या मधोमध उठून. गाठ सुटेना. कुगनने एकदाच वर बघितलं आणि म्हणाला, ड्रामा नको मेट, तुला कोण काढतंय, कोत्तू जळतोय तो बघ.

कोत्तू खरंच जळत होता.

आबा म्हणजे रिटायर्ड हवालदार प्रल्हाद, साताऱ्याकडचे. श्रीलंकेत तमिळ वाघ आणि तिथलं सरकार यांचं युद्ध चालू होतं तेव्हा, सत्त्याऐंशी साली, मधे पडायला भारताने शांतिसेना पाठवली. आणि शांतता करायला गेलेली सेना थोड्याच दिवसांत स्वतःच वाघांशी लढायला लागली. आबांची पलटण जाफना शहरात होती. गल्लीच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांची चौकी, येणाऱ्याजाणाऱ्याचं कार्ड बघायचं, सायकलीवरचं पोतं उघडायला लावायचं. वाईट दिवसांबद्दल आबा कधी बोलायचे नाहीत. ते बोलायचे ते सुट्टीच्या संध्याकाळींबद्दल. ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, बाजारातली जपानी रेडिओची दुकानं, ओळखीच्या घरच्या ओसरीवरचा कोरा चहा.

आणि हे ते बोलायला लागले या दुकानात आल्यावर. त्याआधी गिरावीन उपनगरातल्या घरात, मुलगा आणि सून कामाला गेल्यावर, आबा गॅरेजचं शटर अर्धं वर करून आत खुर्ची टाकून बसायचे. समोरून कुत्री फिरवणाऱ्या बायकांचे फक्त पाय दिसायचे. जेवलात का विचारलं तर हूं, फिरून आलात का विचारलं तर हूं. वेद दिवसभर घरात लोळायचा तेव्हा त्या हूंची त्याला इतकी चीड यायची की तो मुद्दाम मोठ्याने गाणी लावायचा. मग वेदला हे काम लागलं. एकदा तो फोन घरी विसरला, आबा तो द्यायला चालत आले, दारात पाऊल टाकलं आणि कानावर तमिळ पडलं. वेदने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, त्या माणसाची पाठ सरळ झाली.

तेव्हापासून रोज. इस्त्रीची पँट, बाबांनी घेतलेले पांढरे स्पोर्ट्स शूज, डोक्याला टोपी. आले की क्रेटवर बसायचे. मग कुगनची आई, जिला सगळे अम्मा म्हणायचे, मागून कोरा चहा आणि गुळाचा खडा आणून द्यायची. आबा तिला म्हणायचे, वा, इरु, म्हणजे ये, बस. ती बसायची. आबा मराठीत बोलायचे, वेद इंग्लिशमध्ये सांगायचा.

ते बंद केलं तर मागे काय उरतं? गॅरेज.

गर्दी ओसरल्यावर वेद मागे गेला. बाहेर असलं ऊन पडलं होतं की कारपार्कचं डांबर चपलेला चिकटत होतं. अम्मा एक्झॉस्टखाली स्टुलावर बसून कांदे सोलत होती, पाय बादलीभर पाण्यात. तिचे पाय संध्याकाळपर्यंत सुजायचे. वेदने विचारलं, अम्मा, आबा येतात त्याचा तुम्हाला त्रास होतो का? खरं सांगा. त्याला वाटलं होतं ती म्हणेल, छे रे. मग तो कुगनच्या तोंडावर जाऊन सांगणार होता की बघ.

अम्मा कांदा सोलत राहिली. मग इंग्लिशमध्ये म्हणाली, पाहुणे आहेत, पाहुण्यांचं काय. हे हो पण नव्हतं आणि नाही पण नव्हतं. वेदला असली उत्तरं सहन व्हायची नाहीत. तो आणखी विचारणार, तेवढ्यात पुढून कुगनची हाक आली. आबा आले होते.

वेदने काचेतून बघितलं आणि मनात म्हणाला, मेलो. आबा रस्ता क्रॉस करत होते, आणि डोक्यावर कॅरम बोर्ड होता. एका हाताने धरलेला, दुसऱ्या हातात सोंगट्यांची पिशवी. थांबलेल्या यूट पिकअपमधला माणूस हसून हॉर्न देत होता आणि आबा त्याला सलाम ठोकत होते. काउन्सिल जुनं सामान उचलून नेते त्या क्लीनअपला कुणीतरी बोर्ड फुटपाथवर टाकला होता म्हणे, एक कोपरा जरा फुगलाय, बाकी माल चोख. एक काळी सोंगटी कमी होती, तिच्या जागी कोटाचं बटण आणलं होतं. असल्या उन्हात एवढं ओझं घेऊन चालत. शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा असा होता की वेदने तो घरी कधी बघितलाच नव्हता.

कुगनने वेदकडे बघितलं. सांग.

“आबा, ऐका ना जरा,” वेद म्हणाला.

“तू हो बाजूला. ते दोन क्रेट आण आधी.”

वेदने क्रेट आणले. स्वतःवर इतका वैतागला तो. बोर्ड फ्रीझरच्या शेजारी मांडला गेला, घरची टाल्कम पावडर टाकून झाली, आबांनी तळव्याने ती गोल गोल पसरवली. मग मागच्या दाराकडे बघून हाक मारली, वा. अम्मा ओले पाय पुसत आली. बोर्ड बघून ती दारातच थांबली. वेदला वाटलं, आता ही नाही म्हणणार, बरं झालं, सुटलो. पण आबांनी समोरच्या क्रेटवर हात थोपटला, इरु, आणि ती येऊन बसली.

आबा खेळायचे जोरात. स्ट्रायकर असा सोडायचे की सोंगट्या उडून लोणच्याच्या बरण्यांवर आपटायच्या. दोन घेतल्या, तिसरी हुकली. मग अम्माची पाळी. तिने स्ट्रायकर ठेवला, बोट वाकवलं, आणि अगदी हलकेच, जणू काही केलंच नाही, लांबच्या कोपऱ्यातली पांढरी सरळ पॉकेटमध्ये. आबा ओरडले, वा रे वा. अम्माचा चेहरा मात्र असा झाला की जणू हातून कप फुटलाय.

त्यानंतर तिची जवळजवळ एकही गेली नाही. सोपी असो, पॉकेटच्या ओठावर असो, नाही. पण वेद कोपऱ्यात उभा राहून बघत होता आणि त्याला त्यातलं कळत होतं. बाबांबरोबर खेळून खेळून लहानपणी त्याने बोटं सोलून घेतली होती. हुकणारा माणूस कुठेही हुकतो. अम्मा प्रत्येक वेळी केसाएवढी हुकत होती. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, मधेच एखादी घालत होती, की लगेच पुढची सोडत होती. आबा पुढे, ती थोडीशी मागे. आबा हसत होते, जाफन्यात आपण कसे चॅम्पियन होतो ते सांगत होते. चौकीजवळच्या घरी एक पोरगा होता, गल्लीत सगळे म्हणायचे त्याला कोणी हरवू शकत नाही. “म्या हरवला,” आबा म्हणाले. “दर रविवारी हरवला. शेवटपर्यंत चुरस असायची, पण जिंकायचो मीच. सांग तिला, वेद.”

वेदने सांगितलं नाही. त्याची कानशिलं तापली होती. त्याला खोटेपणाचा राग यायचा, मग तो कुणाचाही असो. अम्माने पॉकेटच्या तोंडाशी बसलेली राणी पुन्हा केसभर हुकवली, आणि त्याच्या तोंडातून निघून गेलं.

“अम्मा, तुम्ही मुद्दाम हरताय.”

आबांनी विचारलं, काय म्हणतोस? वेदने तेच मराठीत सांगितलं. हॅट, आबा म्हणाले, कशाला हरेल मुद्दाम? पण ते अम्माकडे बघत होते, आणि अम्मा बोर्डाकडे.

“सवय,” अम्मा म्हणाली.

एवढ्यात ऑरेंज शर्टातला एक ट्रेडी, बांधकामावरचा कारागीर, आत आला, घामाने डबडबलेला, दोन रोल मागितले आणि बोर्ड बघून खूश झाला. कोण जिंकतंय, त्याने विचारलं.  कुगनने त्याला सॉस पाहिजे का विचारलं, रोल कागदात गुंडाळले, नो वरीज म्हणत तो गेला. दाराची घंटी वाजायची थांबली तेव्हा अम्मा बोलायला लागली होती, इंग्लिश आणि तमिळ एकात एक, खालच्या आवाजात, पाय चोळत चोळत. दुकानात राहून तेवढं तमिळ समजायला लागलेला वेद तिच्या मागोमाग मराठीत सांगत गेला. आधी भराभर, मग जरा हळू.

त्यांच्या घरी पण जवान यायचे. रविवारी संध्याकाळी, ड्युटी नसलेले. ओसरीवर तिच्या भावाचा बोर्ड असायचा, म्हणून. बंदुका भिंतीला टेकवून ठेवायचे. एक जण तर बूट बाहेर काढायचा, कोणी न सांगता. चांगली मुलं होती. घरच्यांची आठवण यायची त्यांना, फोटो दाखवायचे. साखर मिळायची नाही तेव्हा आई गुळाचे खडे मोजून ठेवायची, आम्ही नुसता प्यायचो, त्यांना गूळ. वाईट असती तर दार लावून शिव्या तरी घातल्या असत्या.

“अप्पांनी भावाला सांगितलं होतं, हरायचं,” अम्मा म्हणाली. “पण थोडक्यात हरायचं. फार वाईट हरलास तर त्यांना कंटाळा येईल. कंटाळा आला की ते उठतात, घरात इकडेतिकडे बघतात. मी आत असायचे. माझी बहीण आत असायची. म्हणून त्यांना खेळात ठेवायचं. शेवटच्या सोंगटीपर्यंत ठेवायचं आणि मग हरायचं.”

हे वेदने एका दमात सांगितलं नाही. मधे तो थांबला. आबा म्हणाले, पुढं बोल.

आम्ही दोघी आत बसून आवाज ऐकायचो, अम्मा म्हणाली. ते गेल्यावर भाऊ आम्हाला शिकवायचा, कसं हुकवायचं ते. जिंकणं कोणालाही येतं म्हणायचा. नंतर तो नॉर्वेला गेला, तिथे क्लबात खेळायला लागला, तर त्याला जिंकताच येईना. हात आपोआप हुकायचा. ती हे सांगताना किंचित हसली, आणि कुगन, जो हे बहुतेक पहिल्यांदाच ऐकत होता, काउंटर पुसायचा थांबला.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. स्ट्रायकर त्यांच्या मुठीत होता. 

“ते घर आमच्या चौकीजवळचं नव्हतं ना?” त्यांनी विचारलं. “विचार तिला. मी नव्हतो ना?”

वेदने विचारलं. अम्माने मान हलवली. तुम्ही नाही. दुसरे होते. मग ती म्हणाली, गल्ली दुसरी होती, एवढंच. वेदने ते शेवटचं वाक्य गिळलं असतं तर चाललं असतं, कोणाला कळलंही नसतं. त्याने सांगितलं.

“पण ते बोलवायचे आम्हाला,” आबा म्हणाले. आवाज हवालदाराचा राहिला नव्हता. “त्या पोराचा बाप दारापर्यंत यायचा. हात जोडून म्हणायचा, पोयिट्टु वांगो. आम्ही पोरं हसायचो, आता वांगं मिळणार म्हणून. अर्थ विचारला तर कोणीतरी सांगितलं, जाऊन परत या. दर वेळी म्हणायचा. मग आम्ही जायचो. कोणी या म्हटल्यावर जायचं नाही का?”

अम्माला ते दोन शब्द कळले होते, बाकीचं वेदने सांगितलं.  मग ती म्हणाली, आमच्यात निघणाऱ्या माणसाला जा म्हणत नाहीत. अपशकुन असतो. शत्रूलाही नाही म्हणत. जाऊन या, असंच म्हणायचं. “अप्पा दार लावून तिथेच जमिनीवर बसायचे. म्हणायचे, हा एक शब्द मला कोणी म्हणू देईल का? नुसता जा. एकदाच.”

“आमच्यातही नाही म्हणत जा,” आबा म्हणाले. वेदने हे तमिळमध्ये किंवा इंग्लिशमध्ये सांगितलं नाही, कारण ते त्यालाच सांगितल्यासारखं होतं. “जातो म्हणत नाही आपण. येतो म्हणतो. मला ठाऊक होतं की रे. मला समजायला काय झालं होतं?”

एक्झॉस्टचा पंखा घरघरत होता. वेदला काहीतरी बोलायचं होतं, कोणावर तरी ओरडायचं होतं, पण कोणावर ओरडावं हेच कळेना. अम्मावर? तिने तर इतके महिने गुळाचा खडा दिला. कुगनवर? तो पाठ करून उभा होता, फडक्याची घडी घालत, उलगडत, परत घालत. आणि आबांना आता काही सांगायचं उरलंच नव्हतं.

आबांनी स्ट्रायकर बोर्डाच्या मधोमध ठेवला. गुडघ्यांवर हात देऊन उठले. बोर्ड तसाच राहू दिला, राणी अजून पॉकेटच्या तोंडाशीच होती. स्वतःचा क्रेट मात्र त्यांनी उचलला, दाराजवळ ठेवायचा तिथे न ठेवता मागे नेऊन रिकाम्या क्रेट्सच्या थप्पीवर रचला. वेद म्हणाला, आबा, थांबा, माझी शिफ्ट संपेल आता, मी येतो बरोबर, उबर करू, केवढं ऊन आहे. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. टोपी घातली.

अम्मा उठली. पायांत चप्पल नव्हती, फरशीवर ओली पावलं उमटवत ती दारापर्यंत आली. माणूस निघाला की दारापर्यंत यायचं, हे तिच्या अंगातच होतं. तिने हात जोडले, तोंड उघडलं.

“नको,” आबा म्हणाले. मराठीतच. तिला पहिल्यांदाच तुम्ही म्हणत. “तुम्ही काही म्हणू नका. मी जातो, अम्मा. मला आता जायला पाहिजे.”